घुंगरमाळेचा आवाज कुणाचा? फुकटच्या गेम-साहित्याच्या परवान्यांची पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावात बसून गेम बनवायला आता फारसं काही लागत नाही. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप, २०१४ मध्ये एमआयटी या जवळपास बिनअटीच्या परवान्याखाली मोकळं झालेलं गोदो हे गेम बनवायचं इंजिन आणि फायली उतरवण्यापुरतं नेट असलं की काम सुरू होतं. विषयही घरचाच घेता येतो: तुरीच्या वावरात शिरणारी रानडुकरं, मचाणावर जागल करणारा कास्तकार, धुऱ्याकडेनं जाणारी बंडी. गाडं अडतं ते चित्रांपाशी आणि आवाजांपाशी. कोड लिहिणाऱ्याला डुकराची धाव आठ फ्रेममध्ये काढता येईलच असं नाही. मग फुकटचं साहित्य उतरवलं जातं आणि त्याखालची ‘सीसी-बाय-एसए ३.०’ किंवा ‘जीपीएल ३.०’ ही परवान्याची अक्षरं वाचायची राहून जातात. ती आठवतात गेम प्ले स्टोअरवरून काढला गेल्यावर. आज जिथं पाय अडकतो ते बहुतेक खड्डे जुने आहेत, या परवान्यांच्या इतिहासातच पडलेले आहेत.

मुळात हक्क मागावा लागत नाही, तो आपोआप लागतो. १८८६ च्या बर्न करारात १९०८ च्या बर्लिन दुरुस्तीनं हे तत्त्व घातलं. भारत त्या करारात १ एप्रिल १९२८ पासून आहे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, अमलात आला २१ जानेवारी १९५८ ला. त्यात नोंदणी ऐच्छिक आहे. पोरानं वहीच्या पानावर बैल काढला त्याच क्षणी तो त्याचा. तरीही ‘वर्तुळातला सी दिसत नाही, म्हणजे चित्र मोकळं’ हा समज गावोगाव आहे. त्याचं मूळ अमेरिकेत आहे. तिथं १ मार्च १९८९ पूर्वी त्या खुणेशिवाय काही प्रसिद्ध केलं तर हक्क गमावण्याची वेळ यायची. अमेरिका बर्न करारात आली आणि ती अट गेली. समज मात्र राहिला.

गेमच्या बाबतीत खरी फट पडली ती १९९७ च्या डिसेंबरात. आयडी सॉफ्टवेअर या कंपनीनं ‘डूम’ या आपल्या गेमचा सोर्स कोड खुला केला, दोन वर्षांनी तो जीपीएलखाली, म्हणजे बदललेला कोडही त्याच अटीवर खुला ठेवायला लावणाऱ्या परवान्याखाली आणला, आणि २१ डिसेंबर १९९९ ला ‘क्वेक’चाही कोड तसाच दिला. खुला झाला तो फक्त कोड. राक्षसांची चित्रं, भिंतींचे पोत, बंदुकीचे आवाज, नकाशे हे सगळं कंपनीच्याच मालकीचं राहिलं. इंजिन फुकट, पण त्यात घालायला काही नाही, म्हणजे बंडी मिळाली पण बैल नाहीत. ही पोकळी भरायला ‘फ्रीडूम’सारखे प्रकल्प उभे राहिले. त्यांनी एकेक चित्र, एकेक आवाज नव्यानं बनवून मोकळ्या परवान्याखाली दिला. ‘ओपनटीटीडी’ या जुन्या वाहतूक-गेमच्या खुल्या आवृत्तीलाही मूळ विकत घेतलेल्या गेमच्या फायलींवाचून चालायला एप्रिल २०१० ची १.० आवृत्ती उजाडावी लागली. कोडचा परवाना आणि साहित्याचा परवाना वेगळा असतो, हे ओळखण्यात आजही सगळ्यांत जास्त चूक होते. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या माथ्यावर ‘एमआयटी’ लिहिलेलं असतं, आणि आतल्या साउंड्स फोल्डरमधला एखादा आवाज तिसऱ्याच माणसाचा निघतो.

सुरुवातीला चित्रांनाही जीपीएलच लावला जाई, कारण हाताशी दुसरं काही नव्हतं. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ या गेमनं तेच केलं. पण जीपीएल लिहिला गेला प्रोग्रॅमसाठी. त्याची अट अशी की बदल करायला सोयीचं मूळ रूपही द्यावं. कोडच्या बाबतीत ते सरळ आहे, पण चित्राचं मूळ रूप कोणतं? सपाट केलेली पीएनजी, की क्रिटा या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममधली थर असलेली फाइल? संगीताचं कोणतं, ओजीजी की वेगवेगळे ट्रॅक असलेला प्रकल्प? यावर वाद झाले, एकमत नाही. व्यवहारातलं उत्तर एवढंच की जीपीएलखाली काही देत असाल तर थरांची फाइलही सोबत ठेवा.

याच काळात अमेरिकेत दुसरी लढाई सुरू होती. १९९८ च्या कायद्यानं तिथल्या कॉपीराइटची मुदत आणखी २० वर्षांनी वाढवली. जुनी पुस्तकं नेटवर मोकळी ठेवणारे एरिक एल्ड्रेड यांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि जानेवारी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले. त्यांचे वकील लॉरेन्स लेसिग आणि इतरांनी मिळून २००१ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) ही संस्था स्थापन केली होती. पहिले परवाने १६ डिसेंबर २००२ ला आले. ‘बाय’ म्हणजे नाव द्या, ‘एसए’ म्हणजे बदललेलं त्याच परवान्याखाली पुढं द्या, ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी नको, ‘एनडी’ म्हणजे बदल नको. पुढच्या आवृत्त्या २००४, २००५, २००७ आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये आल्या. भारतासाठीची शाखा जानेवारी २००७ मध्ये आयआयटी मुंबईत सुरू झाली. सगळे हक्क शक्य तितके सोडून देणारा सीसी-झिरो आला २००९ मध्ये.

हे परवाने लेख, फोटो, गाणी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. गेम त्यांच्या मनात नव्हता, आणि ते जागोजागी जाणवतं.

‘एनसी’च घ्या. गेम फुकट आहे पण खाली जाहिरातीची पट्टी येते, तर तो धंदा झाला की नाही? परवान्याची भाषा ‘मुख्यत्वे आर्थिक लाभासाठी’ अशी आहे. जाहिरातीतून महिन्याला रिचार्जपुरते पैसे आले तरी बोट ठेवायला जागा उरते. ‘एनडी’ तर गेमला जवळपास निरुपयोगीच, कारण चित्राचा रंग बदलणं किंवा आवाज कापून पुन्हापुन्हा वाजवणं हाही बदलच. आमचं मत स्पष्ट आहे: गेमसाठी साहित्य निवडताना ही दोन अक्षरं दिसली की पुढं चला.

आवाजांच्या जगात आणखी एक परवाना येऊन गेला. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातून २००५ मध्ये फ्रीसाउंड हा आवाजांचा साठा सुरू झाला. त्याचा परवाना ‘सॅम्पलिंग प्लस’ होता. आवाजाचा तुकडा कापून नव्या कामात वापरायला हरकत नव्हती, पण जाहिरातीत वापरता येत नसे आणि अख्खा आवाज जसाच्या तसा विकता येत नसे. ओपनटीटीडीच्या आवाजसंचाला हाच परवाना होता, म्हणून डेबियन या लिनक्स प्रणालीनं तो आपल्या मुख्य साठ्यात घेतला नाही. २०११ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सनं सॅम्पलिंग प्लस बंद केला. नव्या कामांना तो लागत नाही, पण तेव्हा त्याखाली दिलेले आवाज जुन्या गेमच्या फोल्डरमधून आजही फिरतात, आणि त्यांना अट जुनीच लागू आहे. परवाना फाइलीबरोबर जातो, साठ्याबरोबर नाही.

गेमसाठीच म्हणून साठा उभा राहिला २००९ मध्ये, ओपनगेमआर्ट. २०१२ मध्ये त्यांनी क्रिएटिव्ह कॉमन्स आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला सोबत घेऊन लिबरेटेड पिक्सेल कप ही स्पर्धा भरवली. मोकळी चित्रं भरपूर होती, पण एकाचं झाड दुसऱ्याच्या घरापुढं ठेवलं की विजोड दिसे. म्हणून आधी शैलीचे नियम ठरवले: जमिनीचा तुकडा ३२ बाय ३२ पिक्सेल, माणूस ६४ बाय ६४ च्या चौकटीत, चालण्याच्या नऊ फ्रेम, चार दिशांना. सगळ्या चित्रांना दुहेरी परवाना: सीसी-बाय-एसए ३.० आणि जीपीएल ३.०, वापरणाऱ्यानं हवा तो निवडावा.

या संचातून आपला कास्तकार बनवायचा तर काय होतं ते जवळून पाहू. उघडं शरीर एकाचं, केस दुसऱ्याचे, सदरा तिसऱ्याचा, हातातली काठी चौथ्याची. त्यावर आपण धोतर आणि पांढरी टोपी चढवली. म्हणजे ३६ फ्रेम हातानं रंगवल्या, मेहनत आपली. तरीही तयार झालेलं चित्र हे आधीच्या चौघांच्या कामाचं रूपांतर आहे. श्रेययादीत चौघांची नावं हवीत, प्रत्येकाच्या मूळ पानाचा पत्ता हवा, परवाना हवा आणि ‘धोतर व टोपी जोडली’ अशी नोंद हवी. आणि तो कास्तकार दुसऱ्या कुणाला द्यायचा तर सीसी-झिरो लावून देता येत नाही. बाय-एसए ३.० निवडला तर रूपांतर ३.० किंवा पुढच्या आवृत्तीच्या बाय-एसएखालीच जातं. बाय-एसए ४.० मधून जीपीएल ३ कडं जायला ऑक्टोबर २०१५ पासून वाट आहे, पण ती एकेरी आहे. नावं गेम पूर्ण झाल्यावर गोळा करू म्हणाल तर गोळा होत नाहीत. फाइल उतरवतानाच ओळ लिहून ठेवायची.

दुसरी अडचण दुकानांची. सीसी परवान्यांत एक कलम आहे: घेणाऱ्याचे हक्क अडवणारं तांत्रिक कुलूप लावायचं नाही. २००२ मध्ये हे गाण्यांच्या डीआरएमविरुद्ध, म्हणजे नक्कल अडवणाऱ्या कुलपाविरुद्ध होतं. पण मोबाइलची अ‍ॅप दुकानं आपणहून कुलूप लावतात, आणि गेम बनवणारा विनाकारण नियम मोडणारा ठरतो. यावर तोडगा म्हणून ‘ओजीए-बाय’ हा परवाना निघाला. तो सीसी-बायच आहे, फक्त कुलपाचं कलम वगळलेलं. मोबाइलवर जाणाऱ्या गेमसाठी पसंतीचा क्रम साधारण असा ठेवावा: सीसी-झिरो, मग ओजीए-बाय, मग सीसी-बाय ४.०. चौथ्या आवृत्तीत आणखी एक सोय आहे. श्रेय द्यायचं राहिलं आणि चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत सुधारली, तर परवाना पुन्हा लागू होतो. तिसऱ्या आवृत्तीत ही सवलत नाही.

संगीताचं एक कलम फार जणांच्या नजरेतून सुटतं. हलत्या चित्राशी वेळ जुळवून संगीत लावलं की ते रूपांतर मानलं जातं. गेमच्या ट्रेलरवर बाय-एसए संगीत घातलं की ट्रेलरही बाय-एसए.

इथवरचा इतिहास बाहेरचा झाला. आपल्या मातीतले आवाज द्यायचे म्हटलं की आपला कायदा पुढं येतो. त्यात एका गाण्यात चार थर असतात: शब्द, चाल, ध्वनिमुद्रण आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा हक्क. शब्द आणि चाल यांना कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षं, ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीनंतर ६०, कलाकाराच्या हक्काला ५०. मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते. मुदत १९९२ पर्यंत ५० होती, त्या दुरुस्तीनं ६० झाली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं देहावसान ११ ऑक्टोबर १९६८ चं. म्हणजे त्यांच्या रचनांची मुदत ३१ डिसेंबर २०२८ ला संपते. गावातल्या मंडळाचं खंजिरी भजन टिपून सीसी-झिरो लावणं आज बरोबर नाही, भजन कितीही घरोघरी म्हटलं जात असलं तरी. दंडारीतलं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, कर्ता ठाऊक नसलेलं गाणं मोकळं असेल. पण ते आज म्हणणाऱ्या बुवांचा कलाकार म्हणून हक्क आहेच. त्यांची लेखी परवानगी घ्यावी लागते.

बैलाच्या घुंगरमाळेचा आवाज कुणाचाच नाही. त्याचं मुद्रण मात्र ज्यानं पुढाकार घेऊन केलं त्याचं, मग मोबाइल काकाचा असला तरी. हे मुद्रण पोळ्याच्या दिवशी करू नये. भोंग्यावर सिनेमाचं गाणं चालू असतं, आणि ते पाठीमागं बारीक जरी ऐकू आलं तरी यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा पकडू शकते. पहाटे गोठ्यात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह, सगळ्यांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवून घ्यावं. शेवटी दहा सेकंद नुसती शांतता टिपावी, गोंगाट काढायला ती उपयोगी पडते.

परवानगी तोंडी नको. ‘घे ना बापू, वापर’ यानं कायद्याचं भागत नाही, कलम ३० ला लेखी परवाना लागतो. आणि लेखी असूनही मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कलम १९ चा हा नियम कलम ३०अ नं परवान्यांनाही लागू केला आहे. म्हणून ‘कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभर’ हे शब्द चिठ्ठीत असावेत. सीसी परवान्यांत ते आधीच आहेत, हाच त्यांचा मोठा फायदा. चित्र काढणारी मुलगी १६ वर्षांची असेल तर आई-वडिलांची सही घ्या, कारण १८ खालच्या व्यक्तीचा करार १८७२ च्या करार कायद्यापुढं टिकत नाही. सीसी-झिरो लावला तरी कलम ५७ मधला कर्त्याचा हक्क, म्हणजे ‘हे मी केलं’ म्हणण्याचा आणि बदनामीकारक मोडतोड अडवण्याचा, आपल्याकडं पक्का आहे. त्यामुळे सीसी-झिरो साहित्यालाही नाव द्यायची सवय बरी.

हक्क सोडायचा रस्ता कायद्यातही आहे, कलम २१. पूर्वी त्यासाठी निबंधकाकडं ठरावीक नमुन्यात अर्ज करावा लागे. २०१२ च्या दुरुस्तीनं जाहीर सूचना देऊनही हक्क सोडता येऊ लागला.

तक्रार आली तर दोन घड्याळं चालू होतात. प्ले स्टोअर अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए कायद्यानं चालतं. तुम्ही प्रतिसूचना, म्हणजे तक्रार चुकीची असल्याचं लेखी उत्तर दिलं आणि तक्रारदार कोर्टात गेला नाही, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत साहित्य परत येऊ शकतं. आपल्या नियमांत मध्यस्थ, म्हणजे दुसऱ्यांचं साहित्य ठेवणाऱ्या संकेतस्थळानं ३६ तासांत साहित्य रोखायचं आणि २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही तर पुन्हा खुलं करता येतं. दोन्हीकडं उपयोगी पडतो तो पुरावा: साहित्य उतरवलं त्या दिवशीच्या पानाचं चित्र, तारखेसकट, आणि त्याच पानाची वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या साठ्यातली प्रत. काही लोक दुसऱ्याच्या सीसी-बाय संगीतावर स्वतःचा दावा नोंदवतात, आणि मग मूळ संगीतकारालाच नोटीस जाते. तिथंही हेच कागद लागतात.

साहित्य पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र म्हणून टाकलं की ते दाबलं जातं आणि आतली कर्त्याची माहिती पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर राहते. तरीही प्रत्येक फोल्डरमध्ये साध्या मजकुराची एक फाइल ठेवावी, दर फायलीला एक ओळ: ‘घुंगरमाळ_०३.वेव्ह, मुद्रण: नाव, ठिकाण: गोठा, मौजा अमुक, तारीख, परवाना: सीसी-झिरो १.०, बदल: सुरुवातीचे दोन सेकंद कापले.’