कुत्रा मागे वळून का बघतो? (अ‍ॅजिलिटी म्हणजे कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीच्या वर्गाच्या पालकांसाठी)

"मी शेजारून पळाले की सगळं करतो हो, पण दोन पावलं मागे राहिले की तिथेच थांबून माझं तोंड बघतो." प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतो, म्हणून एकदाच लिहून देत आहोत.

खाऊ कुठून मिळतो, ते आधी बघा. वीव्ह पोलमध्ये (एका रांगेत उभ्या काठ्या, ज्यांच्या फटींतून कुत्रा नागमोडी जातो) कुत्रा चौथ्या-पाचव्या पोलपाशी येतो, तुमचा हात कमरेच्या खाऊच्या पिशवीकडे जातो, तिची चेन वाजते, त्याची मान वळते आणि पुढची फट चुकते. "याचं लक्षच नसतं," असं तुम्ही म्हणता. लक्ष असतं, पण पिशवीवर! दरवेळी हातातूनच खाऊ मिळाला की तो हाताजवळच काम करणार. स्पर्धेत तर हातात काही धरता येत नाही आणि कुत्र्याला हातही लावता येत नाही. शिवाय मोकळ्या धावेत तो तुमच्यापेक्षा वेगवान असतो. शेजारून पळून किती दिवस पुरे पडणार?

म्हणून आमच्याकडे खाऊ पुढे असतो, अडथळ्याच्या पलीकडे, जमिनीवर. घरी डब्याचं एक झाकण पुरतं. झाकणावर खाऊ ठेवा, कुत्र्याला दोन मीटरवरून सोडा, तुम्ही जागेवरून हलू नका. हे जमलं की मध्ये एक बुटका अडथळा ठेवा, अगदी जमिनीला टेकलेली काठीसुद्धा चालेल. मग तुम्ही एक पाऊल मागे या, नंतर एक पाऊल बाजूला. डावी-उजवी दोन्ही बाजू करा; बहुतेक जण एकच बाजू धरून बसतात. शेवटी झाकण रिकामं ठेवायचं आणि तो पोचल्यावर खाऊ तिकडे टाकायचा.

तो अडला तर धावत मदतीला जाऊ नका, हाकाही मारू नका. "जा, जा, जा रे" दहा वेळा ऐकल्यावर त्या "जा"ला काही किंमत राहत नाही. परत बोलवा आणि पुढच्या खेपेला एक पाऊल जवळून सोडा. सलग दोनदा चुकला तर अंतर जास्त झालंय.

ए-फ्रेम, म्हणजे दोन्ही बाजूंनी उतरत्या फळ्यांचा अडथळा, तिथेही हाच घोळ होतो. उतारावरच्या खालच्या रंगीत पट्ट्याला पाय लागला पाहिजे, म्हणून पालक तिथे हात आडवा धरून उभे राहतात. ज्या दिवशी ते मागे पडतात, त्या दिवशी कुत्रा वरूनच उडी टाकतो. आम्ही पुढचे पाय जमिनीवर, मागचे फळीवर असं थांबायला शिकवतो आणि मग पालकांना चालत दूर जायला सांगतो. यात वेळ जातो. "अजून पूर्ण कोर्स, सगळे अडथळे सलग, का नाही?" असं विचारलं जातं, आणि आम्ही तरीही घाई करत नाही. दीड वर्षाखालच्या पिल्लांना पूर्ण उंचीच्या उड्या तर नाहीतच. त्यांची हाडं अजून वाढत असतात.

घरचा सराव पाच मिनिटांचाच, आणि गच्चीच्या फरशीवर उडी नको, पाय घसरतात. सरावाचा व्हिडिओ वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, आम्ही बघून सांगतो. वेगळे पैसे नाहीत. फक्त कुत्र्याला लांबून काम करायला शिकवायचं असेल तर शनिवारी सकाळी स्वतंत्र सेशन मिळतं. सहा पोलचा संच अनामत ठेवून घरी नेता येतो. पोल न वाकवता परत आणा, मागच्या वेळी त्यातल्या दोनांवर कोणीतरी कपडे वाळत घातले होते.