तेलविहिरींच्या खाऱ्या सांडपाण्यावरील जैविक प्रक्रिया

खनिज तेलाबरोबर विहिरीतून वर येणाऱ्या खाऱ्या पाण्यातील तेल, फिनॉल, बेंझीन व सेंद्रिय आम्ले सूक्ष्मजीवांकडून खाववून ते शुद्ध करण्याची पद्धत. विहीर जुनी होते तसतसे हे पाणी वाढत जाते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सु. 35 ग्रॅम मीठ असते. यात ते 200 ग्रॅमच्याही वर असू शकते. जीवाणू तेल खातात, मीठ नाही. त्यामुळे प्रक्रियेनंतरही हे पाणी शेताला किंवा नदीला चालत नाही.

गोव्यात तेलविहिरी नाहीत. पश्चिम किनाऱ्याचे तेल मुख्यतः मुंबई हायच्या समुद्रातून निघते. मात्र या कामाला लागणारे जीवाणू गोव्याच्या मिठागरांत आहेत. तिथले पाणी पावसाळ्यात जवळजवळ गोडे होते आणि एप्रिल-मेमध्ये मीठ धरू लागते. तेव्हा वाफ्यांतल्या पाण्यावर येणारी लालसर झाक लवणप्रिय सूक्ष्मजीवांची असते. गोवा विद्यापीठ व दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्यांच्यावर संशोधन झाले आहे. टाकीत जीवाणूंचे विरजण लावायला शहरी सांडपाण्याच्या गाळापेक्षा मिठागरातला गाळ केव्हाही बरा.

आधी तरंगते तेल विभाजकात व हवेच्या बुडबुड्यांनी काढतात. मग पाणी जीवाणूंच्या टाकीत सोडतात. तिथे जाणारे तेल लिटरला 50 मिलिग्रॅमच्या आत हवे, नाहीतर ते जीवाणूंच्या पुंजक्यांना लेपून बसते. या पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस कमी असल्याने युरिया व फॉस्फेट घालावे लागते. प्रमाण असे: जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीच्या (सेंद्रिय घाण खाताना जीवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनच्या) 100 भागांना 5 भाग नायट्रोजन, 1 भाग फॉस्फरस. टाकीत विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान 2 मिलिग्रॅम राखायचा. 30 अंश से.ला गोड्या पाण्यात लिटरला सु. 7.6 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात 6.2, म्हणून ब्लोअर (टाकीत हवा सोडणारा पंखा) मोठा लागतो.

सर्वांत मोठा धोका खारेपणाच्या अचानक चढउताराचा. मीठ एकदम वाढले की पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते, एकदम घटले की पेशी फुटतात. पहिल्या जोरदार पावसाचे पाणी उघड्या टाकीत शिरले तरी हे घडते: निथळ (गाळ बसल्यावर वर राहणारे पाणी) गढूळ होते, फेस येतो, गाळ बसत नाही. त्यासाठी आधी पाणी साठवून त्याचा खारेपणा एकसारखा करणारी समतोल टाकी अनिवार्य आहे. मीठ टप्प्याटप्प्याने, दर टप्प्यावर निथळ स्वच्छ झाल्यावरच वाढवतात.

तपासणीतही मीठ आडवे येते. रासायनिक ऑक्सिजन मागणीच्या चाचणीत (घाणीचे रसायनांनी ऑक्सिडीकरण करून तिचे प्रमाण मोजण्याच्या) मिठातल्या क्लोराइडमुळे आकडा फुगतो. क्लोराइडला बांधून ठेवणारे मर्क्युरिक सल्फेट घालूनही फार खाऱ्या नमुन्यात तो भरवशाचा राहत नाही. तिथे एकूण सेंद्रिय कार्बन मोजावा.