ॲडमिट (इंग्रजी क्रियापद)

ॲडमिट : आत घेणे, आत येऊ देणे; त्यावरून, एखादी गोष्ट खरी आहे असे (बहुधा नाइलाजाने) कबूल करणे. लॅटिनमधील ‘ॲडमित्तेरे’ या क्रियापदापासून हा शब्द इंग्रजीत आला. त्यात ‘ॲड’ म्हणजे कडे आणि ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणे, सोडणे. दारातून माणसाला आत सोडण्याचा अर्थ आधीचा. एखादे विधान खरे म्हणून पदरात घेण्याचा अर्थ त्यातूनच निघाला.

मराठी माणसाला हा शब्द शिकवावा लागत नाही, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. “बाबांना रात्री सिव्हिलला ॲडमिट केलंय” हे वाक्य ठाण्यात इंग्रजीचे एक अक्षर न येणारी आजीही बोलते. शहरातील मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. त्याच्यामुळे ‘याला ठाण्याला ॲडमिट करा’ हा टोमणा मुंबईभर फिरला. टोमणा हिणकसच, पण त्यातून शब्दाची मुळे किती खोल गेली ते कळते. नाम मात्र वेगळ्या वाटेने आले. ‘ॲडमिशन’ म्हटले की शाळा-कॉलेज डोळ्यांपुढे येते, ‘ॲडमिट’ म्हटले की दवाखाना. मुलगा कॉलेजात ‘ॲडमिट झाला’ असे कोणी सांगितले, तर ऐकणारा आधी विचारील, “काय झालं त्याला?” इंग्रजीत मात्र हे वाक्य चालते. दहावी-बारावीच्या परीक्षांना मुले ‘हॉल तिकीट’ घेऊन जातात. ‘ॲडमिट कार्ड’ त्यांच्या हाती येते ते बहुधा पुढे, केंद्रीय प्रवेश परीक्षांच्या वेळी.

त्यामुळे ‘ही ॲडमिटेड हिज मिस्टेक’ हे वाक्य पाठ्यपुस्तकात आले की वर्गात हमखास गोंधळ उडतो, आणि तो कबूल या अर्थाशी येऊन थांबतो. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी हा अर्थ मराठी माध्यमाच्या मुलाला उशिराच भेटतो. शिक्षक ‘ॲडमिट म्हणजे कबूल करणे’ असे फळ्यावर लिहून मोकळे होतात. ही जोडी सोयीची, पण अर्धवट. मराठीतले कबूल दोन कामे करते. ‘त्याने चोरी कबूल केली’ यात झालेल्या गोष्टीची कबुली आहे. ‘त्याने लग्नाला यायचं कबूल केलं’ यात पुढचा शब्द दिलेला आहे. इंग्रजीत दुसऱ्या कामासाठी ‘अग्री’ किंवा ‘प्रॉमिस’ लागते. हे न सांगितल्यामुळे ‘ही ॲडमिटेड टु कम’ असे वाक्य वहीत उतरते. व्याकरणाच्या पुस्तकात ही चूक निव्वळ रूपाची म्हणून दाखवतात; प्रत्यक्षात ती अर्थातून येते. ॲडमिटची नजर बहुधा मागे किंवा आत्ताच्या स्थितीवर असते. जे झाले, जे आहे, ते मान्य करायचे.

रूपाचे नियम थोडेच आहेत. पुढे ‘दॅट’ने सुरू होणारे वाक्य येते किंवा ‘-इंग’ रूप येते : ‘ही ॲडमिटेड दॅट ही वॉज लेट’, ‘शी ॲडमिटेड टेकिंग द कीज’. ‘ॲडमिट टु’ म्हटले तरी पुढे ‘टेकिंग’च येते, ‘टेक’ नव्हे. कोणाजवळ कबूल केले हे सांगताना मराठीतला ‘जवळ’ किंवा ‘कडे’ इंग्रजीत ‘टु’ होऊन येतो. म्हणून ‘ही ॲडमिटेड टु मी दॅट...’ बरोबर आणि ‘ही ॲडमिटेड मी दॅट...’ चूक. भूतकाळी रूपात ‘टी’ दोनदा लिहितात, कारण आघात शेवटच्या ‘मिट’वर पडतो. आपल्याकडे दवाखान्यातला ‘ॲडमिट’ तसा आघात देऊन कोणी उच्चारत नाही. त्यामुळे कानाला हा नियम पटत नाही आणि स्पेलिंग पाठच करावे लागते.

दोन्ही अर्थ एका छताखाली पाहायचे तर न्यायालयात जावे. ठाण्याच्या दिवाणी दाव्यात प्रतिवादीच्या कैफियतीत (म्हणजे लेखी उत्तरात) ‘सदर मजकूर खरा नसून तो प्रतिवादीस मान्य व कबूल नाही’ असा ठरलेला मजकूर परिच्छेदागणिक येतो. वकील त्याला ‘डिनाय केलं’ म्हणतात. उरलेले ते ‘ॲडमिटेड’. हा पाल्हाळ वाटला तरी उगाच नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार जे कथन स्पष्टपणे नाकारले नाही ते मान्य केले असे सहसा धरले जाते. उलट उच्च न्यायालयात ‘पिटिशन ॲडमिट झालं’ म्हणजे ते सुनावणीसाठी आत घेतले गेले, एवढेच. पक्षकार मात्र कधीकधी पेढे वाटायला निघतो.

फौजदारी बाजूला ‘ॲडमिशन’ आणि ‘कन्फेशन’ वेगळे करावे लागतात. वादातल्या एखाद्या मुद्द्यावर अनुमान सुचवणारे विधान ही ॲडमिशन, मराठीत कबुली. गुन्हाच मान्य करणे हे कन्फेशन, म्हणजे कबुलीजबाब. १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करण्यास मनाई केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती कायम आहे. अपवाद आहे तो त्यातल्या ज्या भागामुळे एखादी वस्तू किंवा माहिती हाती लागते तेवढ्याचा. तरीही ‘आरोपीने पोलिसांसमोर गुन्हा कबूल केला’ हे वाक्य वर्तमानपत्रात नित्य छापून येते, आणि वाचक खटला तिथेच निकालात काढतो.

कचेरीतली चूक निराळी. बेलापूर किंवा महापेच्या ऑफिसातून गेलेल्या मेलमध्ये ‘वुई ॲडमिट युअर लेटर’ असे लिहिले, तर आपल्यावर काहीतरी शेकले आहे असा वास तो मेल वाचणाऱ्याला येतो. पत्राची पोच द्यायची तर ‘ॲक्नॉलेज’. विनंती मान्य करायची तर ‘ग्रँट’ किंवा ‘अक्सेप्ट’. वादात समोरच्याचा मुद्दा सोडून द्यायचा किंवा निवडणुकीत हार मानायची तर ‘कन्सीड’. ॲडमिटमध्ये थोडा संकोच, थोडी नाखुशी गृहीत असते. ‘आय मस्ट ॲडमिट’ने सुरू होणारी कौतुकाची वाक्येही त्यामुळेच जरा ओढून काढल्यासारखी लागतात.

‘ॲडमिटन्स’ हे दुसरे नाम कबुलीसाठी वापरत नाहीत. ते फक्त आत जाण्यापुरते आहे. कारखान्याच्या फाटकावर ‘नो ॲडमिटन्स’ अशी पाटी असते, तिथे हाच अर्थ. वीजशास्त्रातही ते आहे. प्रत्यावर्ती प्रवाहाला मंडल किती सहज वाट देते त्याचे हे माप असून ते ‘इंपिडन्स’चा (त्या प्रवाहाला होणाऱ्या एकूण अडथळ्याचा) व्यस्त असते आणि सीमेन्स या एककात मोजतात. ही संज्ञा ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८७ मध्ये रूढ केली.