‘समांगी’ कशाला म्हणावे : पार्श्वभूमी

नाशिककडच्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) नीट ढवळले की ‘एकजीव झाले’ म्हणतात. रसायनशास्त्राच्या अर्थाने मात्र ते समांगी नसते. नुसते मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, पाण्यात पूर्ण विरघळले, तर टाकीच्या तळातला आणि वरचा थेंब सारखाच असतो, हे समांगी. त्यात चुन्याचे दूध पडले की तांब्याचे न विरघळणारे निळे कण तयार होतात. मिश्रण तिथेच विषमांगी होते.

या मिश्रणाची पाळेमुळे फ्रान्समध्ये आहेत. मेदॉक भागात चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. त्याच वेली केवडा या बुरशीजन्य रोगातून वाचल्याचे १८८२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर मिलार्दे यांच्या लक्षात आले आणि १८८५ मध्ये त्यांनी कृती प्रसिद्ध केली. समांगीपणाला काटेकोर अर्थ त्याआधीच, १८७६ ते १८७८ दरम्यान, अमेरिकेत शास्त्रज्ञ जे. विलर्ड गिब्ज यांनी दिला होता : रचना आणि भौतिक स्थिती सगळीकडे सारखी असेल तो भाग म्हणजे एक प्रावस्था. बोर्डोत अशा दोन असतात, पाणी आणि कण.

बागेत याचा थेट परिणाम दिसतो. एक टक्का तीव्रतेच्या मिश्रणासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या पिंपात विरघळवावे. १ किलो कळीचा चुना वेगळा विरवून, गाळून, ५० लिटर करावा. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतत ढवळावे. लोखंडी पाते बुडवून पाहावे. तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे, पाने करपतील, म्हणून आणखी चुन्याचे दूध घालावे. ढवळणे थांबले की कण खाली बसतात. टाकीची तोटी तळाशी असेल तर पहिल्या ओळींना दाट आणि शेवटच्या ओळींना पातळ फवारा मिळतो, शिवाय नोझल तुंबते. मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

दूध डोळ्यांना एकसारखे दिसते, सूक्ष्मदर्शकाखाली स्निग्धाचे गोळे दिसतात. म्हणून कोणत्या मापाने पाहिले हे सांगावेच लागते. समांगीला इंग्रजीत ‘होमोजीनियस’ म्हणतात; गणितात तोच इंग्रजी शब्द वेगळ्या अर्थाने चालतो, मराठीत त्याला समघाती म्हणतात : x² + ३xy समघाती, कारण प्रत्येक पदाचा घात २.

माती परीक्षणात चूक उलटी होते : जे वेगळे ठेवायचे तेच एकजीव केले जाते. काळ्या आणि मुरमाड पट्ट्याचा नमुना एकत्र करू नये; सरासरी येते ती कुठल्याच पट्ट्याची नसते. एकाच प्रकारच्या मातीचे नमुने मिसळून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहावे.