वीर्यतपासणी आणि बीजकोशाच्या रक्ततपासण्या: लॅबमध्ये येण्याआधी वाचा

वीर्यतपासणीत काउंट (शुक्राणूंची संख्या) कमी येण्याचे एक अगदी साधे कारण असते: सगळा नमुना डबीत पडलेलाच नसतो. वीर्याच्या पहिल्या भागात शुक्राणू सर्वांत जास्त असतात आणि घाईत नेमका तोच सांडतो. तसे झाले असेल तर न लाजता काउंटरवर सांगा.

तपासणीआधी किमान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवस वीर्यस्खलन टाळा. दिवस कमी पडले तर काउंट घटतो, फार झाले तर हालचाल मंदावते. नेमके किती दिवस झाले ते फॉर्मवर लिहा. लघवी करून हात आणि लिंग धुऊन कोरडे करा आणि हस्तमैथुनाने नमुना आम्ही दिलेल्या डबीतच घ्या. तेल, थुंकी, जेल काहीही वापरू नका. साधा कंडोम तर नकोच, त्यातल्या रसायनांनी शुक्राणूंची हालचाल थांबू शकते. घरून आणणार असाल तर शक्यतो अर्ध्या तासात पोचा. तासाभरापेक्षा जुना नमुना आम्ही घेत नाही. डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा. फ्रिज, बर्फ किंवा उन्हात तापलेल्या स्कूटरची डिकी नको.

रिपोर्टमधल्या किमान मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आहेत: वीर्य १.४ मिली, शुक्राणू दर मिलीत १ कोटी ६० लाख, एकूण ३ कोटी ९० लाख, पुढे सरकणारे ३० टक्के आणि योग्य आकाराचे ४ टक्के. हो, चारच, उरलेले ९६ वेडेवाकडे असले तरी तो दोष धरत नाहीत. ज्यांच्या पत्नीला वर्षभरात दिवस राहिले, अशा पुरुषांपैकी तळाच्या ५ टक्क्यांवर ही रेघ ओढलेली आहे. म्हणजे रेघेखालचे काहीजणही बाप झालेलेच आहेत.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, पुढे वृषणाला चिकटलेल्या नळीत परिपक्व व्हायला आणखी आठ-पंधरा दिवस. त्यामुळे गेल्या तीन महिन्यांत डेंग्यू, टायफॉइड किंवा कुठलाही जोराचा ताप आला असेल तर त्याची छाया आजच्या रिपोर्टवर असू शकते. अशा वेळी तीन महिन्यांनी पुन्हा तपासणे बरे. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेत असाल तर तेही सांगा. बाहेरून हॉर्मोन आले की मेंदू वृषणाला आदेश देणे थांबवतो आणि पिळदार शरीराच्या माणसाचा काउंट शून्यावरही येतो.

स्त्रियांसाठी: एएमएच (बीजकोशात तयार होणारे एक हॉर्मोन) ही तपासणी पाळीच्या कोणत्याही दिवशी चालते. त्यातून बीजांचा साठा किती उरला याचा अंदाज येतो. बीजांचा दर्जा कळत नाही, आणि एएमएच कमी म्हणजे दिवस राहणारच नाहीत असेही नाही. गर्भनिरोधक गोळ्यांनी हा आकडा खाली येऊ शकतो, म्हणून चालू गोळ्यांची नावे द्या. एफएसएच (बीज वाढवायचा आदेश देणारे हॉर्मोन) आणि इस्ट्राडिऑल (बीजकोशातून येणारे स्त्री-हॉर्मोन) यांच्या तपासणीसाठी मात्र पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीच या. बीज सुटले की नाही हे पाहणारी प्रोजेस्टेरॉनची तपासणी ‘एकविसाव्या दिवशी’ लिहून दिलेली असते, पण तो हिशोब २८ दिवसांच्या पाळीचा. पुढची पाळी अपेक्षित असेल त्याच्या सात दिवस आधी ती करायची असते. पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर डॉक्टरांना विचारून २८ व्या दिवशी या.