तंबाखूमुक्त शाळा : नऊ निकष, लागणारे पुरावे आणि शंभर यार्डांचा प्रश्न

जिल्हा परिषदेची असो, अनुदानित असो वा खासगी. कोणतीही शाळा स्वतःला तंबाखूमुक्त जाहीर करू शकते. त्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नऊ निकष घालून दिले आहेत. महाराष्ट्रातल्या पुष्कळ शाळा ही माहिती 'टोबॅको फ्री स्कूल' अ‍ॅपवर भरतात. शाळेचा यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, हाताशी ठेवा.

कागदपत्रे म्हणजे इथे मुख्यतः फोटो. आवारातला 'तंबाखूमुक्त क्षेत्र' फलक, प्रवेशद्वारावरचा 'तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्था' फलक, दुष्परिणामांची पोस्टर्स, गेल्या सहा महिन्यांतला एखादा उपक्रम, शाळेच्या आचारसंहितेत घातलेला तंबाखूबंदीचा नियम. फलकावर तंबाखू मॉनिटरचे, म्हणजे तंबाखूबंदीवर लक्ष ठेवायला नेमलेल्या व्यक्तीचे, नाव, हुद्दा आणि संपर्क क्रमांक हवा. विद्यार्थी मॉनिटर नववीपासून पुढचेच. सातवीपर्यंतच्या शाळेत हे काम शिक्षकांकडेच राहते. आवारात थोटके, पुड्या, पिचकाऱ्या दिसता कामा नयेत. मागच्या जिन्याचा कोपरा आणि स्वच्छतागृहाची भिंत आधी बघा.

इथवर आठवड्याभरात होते. घोडे अडते ते शेवटच्या दोन निकषांवर. कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, मोजून रस्त्यावर पिवळी रेषा मारायची आणि त्या आत तंबाखू विकणारे एकही दुकान नको. मोजणी फाटकापासून करू नका, कुंपणापासून करा. टपरीवाला बहुधा गावातलाच, कधी पालकही असतो. आधी समजावून सांगा. ऐकले नाही तर मुख्याध्यापकांच्या सहीने पोलीस ठाण्याला लेखी पत्र द्या, प्रत ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला. पोहोच घ्यायला विसरू नका.

२००३ च्या सिगारेट व इतर तंबाखू उत्पादने कायद्यात (कोटपा) या विक्रीला दंड फक्त २०० रुपयांपर्यंत आहे, त्याला कोण घाबरणार? म्हणून पत्रात बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७७ आवर्जून लिहा. मुलाला तंबाखू दिल्यास सात वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गुटख्यावर तर राज्यात २०१२ पासूनच बंदी आहे. त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडेही करता येते.

मिश्री किंवा खर्रा पुष्कळ मुलांना घरातूनच ओळखीचा असतो. त्यामुळे सहावी-सातवीतल्या एखाद्याच्या दप्तरात पुडी सापडली तर वर्गासमोर त्याचे नाव घेऊ नका. एकट्याशी बोला, मग पालकांशी. सवय सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत समुपदेशन मिळते.