उतरलेली बॅटरी आणि गेलेली बॅटरी

सकाळी सेल्फ मारला, टक-टक-टक झालं, डॅशबोर्डवरचे दिवे मंदावले. लगेच कोणीतरी म्हणतं, "बॅटरी गेली, नवीन टाक." नव्वद टक्के वेळा हे बोलणाऱ्याने बॅटरीला व्होल्ट मोजायचा मीटर लावलेलाच नसतो. मोटरसायकलची बॅटरी उतरते आणि बॅटरी जाते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दोन्हींना एकच शब्द वापरतो आणि त्यात चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात.

उतरलेली बॅटरी सगळ्यांनाच माहीत आहे. पावसाळ्यात तीन आठवडे गाडी झाकून उभी राहिली, चावी ऑन राहिली, मागाहून बसवलेला जीपीएस रात्रंदिवस करंट खात बसला, की आतला चार्ज संपतो. चार्जरवर लावली की ती परत येते. चार्जर मात्र बाइकचाच हवा. ९ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ०.९ अँपिअर पुरतो, कारच्या मोठ्या चार्जरने ती तापते.

गेलेली ओळखताना सगळे चुकतात, आणि चुकतात ते व्होल्टेजच्या आकड्यामुळे. मीटर १२.७ दाखवतो, मग बॅटरी चांगली, असं लोक धरून चालतात. नुसत्या उभ्या गाडीवरचा आकडा बॅटरी किती भरली आहे तेवढंच सांगतो. तिच्यात दम किती, हे तो सांगत नाही. गाळाने भरलेली विहीर डोळ्यांसमोर आणा. वरून बघितलं तर पाणी काठाला लागलेलं असतं, पण पंप चालू केला की दहा मिनिटांत फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो. गेलेल्या बॅटरीचं तसंच होतं. प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसलेला असतो, काम करणारी जागा थोडीच उरलेली असते. तेवढी जागा पटकन भरते, मीटर खुशाल १२.७ दाखवतो, आणि सेल्फने करंट मागितला की सगळं कोसळतं.

म्हणून पंप लावल्याशिवाय निकाल देऊ नये. बॅटरी आधी पूर्ण चार्ज करा. चार्जर काढून रात्रभर तशीच ठेवा, कारण चार्जरवरून नुकत्याच उतरवलेल्या बॅटरीचा आकडा फुगलेला असतो. सकाळी १२.६ ते १२.८ आला, तर ती भरली एवढंच कळलं. आता मीटरच्या काड्या थेट बॅटरीच्या टर्मिनलवर धरा आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. त्या दोन सेकंदांत आकडा कुठवर खाली जातो ते बघा. दहाच्या वर थांबला तर बॅटरी धडधाकट आहे. सात-आठवर आपटला आणि टर्मिनल स्वच्छ, घट्ट असतील, तर ती गेली. साध्या मीटरचा आकडा हळू बदलतो, म्हणून 'मिन-मॅक्स'चं, म्हणजे सगळ्यात खालचा आकडा धरून ठेवणारं, बटण असलेला मीटर घ्या. थोडे पैसे जास्त गेले तरी चालेल.

एका प्रकाराला ही परीक्षाही लागत नाही. रात्रभर चार्ज करूनही आकडा १०.५च्या आसपास अडकला, तर आतला एक सेल शॉर्ट झालाय. प्रत्येक सेलचे साधारण २.१ व्होल्ट, असे सहा सेल मिळून १२.६ होतात. एक गळाला की उरले १०.५. तिच्यावर चार्जर वाया घालवू नका.

या दोन्हींचा एकमेकींशी संबंध आहे, आणि तोच धोक्याचा आहे. उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच पडू दिली की सल्फेट कडक होतं आणि ती गेलेली होते. आज उतरली तर आजच चार्ज करा.

बॅटरी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर मात्र बॅटरीकडे बोट दाखवू नका, चार्जिंग बघा. इंजिन चालू करून ४ ते ५ हजार आरपीएमवर टर्मिनलला १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. रेस वाढवूनही आकडा बारा-साडेबाराच्या वर जात नसेल, तर चार्जिंग पोचत नाही. पंधराच्या वर गेला तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे आपलं आरआर युनिट, बिघडलंय आणि ते नवी बॅटरीसुद्धा उकळून मारेल. हँडलवर लावलेला छोटा व्होल्टमीटर नजर ठेवायला बरा आहे, पण तो वायरिंगमधून करंट घेतो, म्हणून दोन-तीन दशांश कमी दाखवू शकतो. निकाल टर्मिनलवरच द्यावा.

एक पद्धत बंद झालीच पाहिजे. चालू गाडीचं बॅटरी टर्मिनल काढून बघायचं, गाडी चालू राहिली तर चार्जिंग ठीक! जुन्या किकच्या गाड्यांनी हे सोसलं. २०२० नंतरच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमाच्या) बहुतेक गाड्यांमध्ये फ्युएल इंजेक्शन आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, आहे. बॅटरी सुटली की व्होल्टेजला लगाम राहत नाही, आणि काही हजारांचा ईसीयू त्या एका क्षणात जळू शकतो.

माझ्या स्वतःच्या गाडीत आठ महिन्यांत दोन बॅटऱ्या बदलल्या गेल्या. दोन्ही वेळा गॅरेजमध्ये मीटर बाहेरच आला नाही. हायवेला गाडी नीट चालायची, शहरातल्या ट्रॅफिकमध्ये, कायम पेटलेल्या हेडलाइटसह, चार-पाच दिवसांत सेल्फ जड व्हायचा. शेवटी मीच मीटर लावला. पाच हजार आरपीएमला १२.९. सीट काढून मॅग्नेटकडून, म्हणजे इंजिनवर वीज तयार करणाऱ्या भागाकडून, आरआर युनिटला येणाऱ्या वायरींचा कपलर उघडला. तीन पिवळ्या वायरींपैकी एकीभोवतीचं पांढरं प्लास्टिक चहासारखं तपकिरी होऊन वितळलं होतं, आतली पिन काळी पडली होती. तीन फेजपैकी एक फेज पोचतच नव्हता. कपलर बदलला, वायर मागून कापून नवी पिन लावली, गाडी चालू केली, आकडा १४.२वर जाऊन थांबला. काढून टाकलेल्या दोन्हींपैकी दुसरी बॅटरी अजून घरात होती. ती रात्रभर चार्ज करून परत बसवली. सेल्फ मारताना १०.६. तीच अजून गाडीत आहे.